तेओफिलाबाईंचा पाचवा दिवस

१

शुक्रवारी, चार जुलैला, दुपारी साडेचार ते सव्वापाचच्या दरम्यान ज्या गॅस गीझरमुळे तेओफिला गायदा यांचा मृत्यू झाला, तोच गीझर सोमवारी, सात जुलैला, त्याच न्हाणीघरात, दार-खिडकी बंद ठेवून सलग तीन तास चालवण्यात आला. हवेत कार्बन मोनॉक्साइडचा लवलेशही सापडला नाही.

पहिल्या विधानाला शवविच्छेदनाचा आधार आहे. मृत बाईंच्या रक्तातलं त्रेसष्ट टक्के हिमोग्लोबिन त्या वायूने अडवून ठेवलेलं होतं. दुसऱ्या विधानाला पोलिसांच्या तीन मापकांचा आधार आहे. तिन्ही मापकं त्याच आठवड्यात तपासून घेतलेली होती.

या प्रकरणात माझा प्रवेश झाला तो माशामुळे. मी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ आहे. शनिवारी सकाळी, शवविच्छेदनाचा अहवाल यायच्या आधीच, माझ्या टेबलावर एक सीलबंद डबा आला. आत पावाचा चुरा लावून तळलेले कॉडचे दोन तुकडे आणि शेपू घातलेले सहा नवे बटाटे होते. हे जेवण फ्लॅटच्या दाराबाहेर, पायपुसण्यावर, एका थाळीवर दुसरी थाळी पालथी घालून ठेवलेलं सापडलं होतं. परगावाहून आलेली म्हातारी बाई आत मेलेली आणि दाराबाहेर न मागितलेलं जेवण, असं दिसलं की पोलिसांना जेवणाचा संशय येतो. तो रास्त आहे. मला माशात मीठ, मिरी आणि साधं खाद्यतेल सापडलं.

सोमवारी संध्याकाळी मी सरकारी वकील झेपका यांना फोन केला.

"मासा निर्दोष आहे."

"तुम्ही काय त्याचं वकीलपत्र घेतलंय?" त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज थकलेला होता. "बरं, मासा सुटला. गीझरही सुटला, आज तीन तास पेटवून ठेवला होता. धुराडं तपासणारा म्हणतो, धुराडं ठणठणीत आहे. मग डॉक्टरसाहेब, उरलं कोण?"

"भाची उरली," त्या म्हणाल्या.

२

तेओफिला गायदा एकाहत्तर वर्षांच्या होत्या. देशाच्या ईशान्य टोकाच्या सुवाउकी गावच्या शाळेत त्यांनी अडतीस वर्षं भूगोल शिकवला. लग्न केलं नाही. क्राकूफ त्यांनी नकाशावर शेकडो मुलांना दाखवलं होतं, पण स्वतः पाहिलं नव्हतं. दर उन्हाळ्यात काही ना काही आड आलं. गेल्या नोव्हेंबरात त्यांनी सात दिवसांच्या मुक्कामाचा बेत आखायला घेतला आणि तो मार्चमध्ये पूर्ण केला. सोबतीला त्याच शाळेतल्या निवृत्त संगीत शिक्षिका गेनोवेफा येणार होत्या. भाची बोग्ना क्राकूफला ट्राम चालवते. तिने आपला फ्लॅट आठवड्यासाठी आत्याला दिला आणि स्वतः मैत्रिणीकडे राहायला गेली.

मंगळवारी सकाळी, आपल्या कार्यालयात, बेताचा कागद झेपका मॅडमनी माझ्यापुढे ठेवला. सोमवार ते रविवार सात रकाने, शाईने आखलेले. प्रत्येक ओळीत वेळ, ठिकाण, तिथे पोचायची ट्राम आणि पाऊस आला तर काय करायचं ते. कुठल्या वस्तुसंग्रहालयाला कोणत्या दिवशी सुट्टी असते याची नोंद समासात होती. दुपारची विश्रांती होती, आंघोळीही होत्या: रोज साडेचारला गेनोवेफा, सव्वापाचला तेओफिला. रविवारच्या रकान्यात एवढंच होतं: 'काही नाही. नदीकाठी बसणे.'

"चार प्रती केल्या होत्या," झेपका म्हणाल्या. "एक स्वतःला, एक मैत्रिणीला, एक भाचीला आणि एक वरच्या मजल्यावरच्या लेओकादियाबाईंना. त्यांच्याकडे जादा किल्ली असते. म्हणजे ही बाई कुठल्या मिनिटाला कुठे असणार, हे तिघांना घरबसल्या ठाऊक. असा शिस्तीचा माणूस मारायला फार सोपा."

"आणि भाचीच का?"

"आत्याचं तळ्याकाठचं घर मृत्युपत्राने तिला मिळतंय. शुक्रवारी सव्वाचारला ती फ्लॅटवर आली होती, धुणं न्यायला. तिथून पोटमाळ्यावर गेली. त्या गीझरच्या धुराड्याचं लोखंडी दार पोटमाळ्यावरच आहे. आणि हे बघा."

त्यांनी छायाचित्र पुढे सरकवलं. दोरीवर पांढरी चादर आणि तिच्यावर काजळीचा काळा डाग.

"दार उघडलं, आत काहीतरी कोंबलं, वाट पाहिली, काढून घेतलं. हात चादरीला पुसले. म्हणून तर सोमवारी धुराडं साफ. शनिवारी सकाळी मी अटकेचा आदेश मागणार आहे. तुमचा मासा संपला, आता तुम्हाला यात काय पडलंय?"

"दोन मोजमापं जुळत नाहीत," मी म्हणालो.

"जुळवलीच की मी आत्ता."

"तुम्ही मधे एक माणूस घातलात. माणूस घातला की काहीही जुळतं."

"शुक्रवार रात्रीपर्यंत वेळ आहे तुम्हाला," त्या म्हणाल्या. "मग मात्र मला सांगू नका की पोरगी निर्दोष आहे म्हणून. ते प्रमाणपत्र तुम्ही माशाला देऊन बसलात."

३

गेनोवेफाबाई एका मठाच्या पाहुण्यांसाठीच्या खोलीत उतरल्या होत्या. मंगळवारी मी गेलो तेव्हा त्या पलंगाच्या कडेवर, पायाशी सूटकेस घेऊन बसलेल्या होत्या. सूटकेस बांधलेली होती, पण पोलिसांनी शहर सोडू नका म्हणून सांगितलेलं.

"त्यांना वाटतं मी मुद्दाम बाहेर गेले," त्या म्हणाल्या. "आणि मला वाटतं, मी बाहेर जायलाच नको होतं. दोन्हीचा अर्थ एकच होतो ना हो डॉक्टर?"

"नाही होत. तुम्ही का गेलात?"

"महिन्याचा पहिला शुक्रवार होता. पहिल्या शुक्रवारी मी चर्चमध्ये पापांच्या कबुलीजबाबाला जाते, चाळीस वर्षं झाली, एकही चुकवला नाही. तेओफिला देव मानायची नाही. ती बेत आखायची तेव्हा असलं काही तिच्या डोक्यातच यायचं नाही. गुरुवारी रात्री मी तिला सांगितलं. किती चिडली! म्हणाली, 'गेनोवेफा, सबंध हिवाळा मी आखणी करत बसले आणि तू तुझ्या पापांसाठी माझा पाचवा दिवस मोडतेस? या वयात अशी काय पापं केलीस तू?'" त्या किंचित हसल्या आणि लगेच थांबल्या. "मग तिनेच माझ्या कागदावर पेन्सिलीने बाण काढले. साडेचारला ती, मी परत आल्यावर मी. आमच्या आंघोळीच्या वेळा उलट्या झाल्या."

कागद त्यांच्या पर्समध्ये होता. बाण सुबक होते, पट्टी लावून काढलेले.

"हा बदल आणखी कोणाला माहीत होता?"

"बोग्नाला. ती धुणं न्यायला आली तेव्हा मी नुकतीच निघून गेले होते, तेओफिलाने सांगितलं असेलच की."

मी तो मुद्दा टिपून घेतला. तो बोग्नाच्या बाजूचा नव्हता.

"मी सहा वाजून दहा मिनिटांनी आले," त्या सांगू लागल्या. "दारात थाळी होती. मी ती ओलांडून आत गेले. हाक मारली. न्हाणीघराचं दार ढकललं..." त्यांनी पायाशी असलेल्या सूटकेसवर हात ठेवला. "आत तळलेल्या माशाचा वास होता. आणि ती. आधी वास जाणवला, मग ती दिसली. किती विचित्र ना, अशा वेळी माणसाला वास जाणवतो."

"पोलिसांना सांगितलंत हे?"

"सांगितलं. ते म्हणाले, थाळीचा वास असणार."

"न्हाणीघराची खिडकी?"

"बंद. आणि भिंतीतल्या हवेच्या जाळीत टॉवेल कोंबलेला. सोमवारी चर्चच्या मनोऱ्यावर वाऱ्याचा झोत बसला आणि तिची मान धरली. मग रोज कोंबायची. मीही कोंबायचे. ओल्या अंगावर झोत कोण घेईल? तुम्ही घ्याल का?"

मी घेईन. पण हे शहर घेणार नाही, आणि सुवाउकीही नाही. बंद गाडीतल्या उकाड्याने आमच्याकडे कोणी आजारी पडत नाही. सगळे झोताने पडतात. पोलिसांनी सोमवारी चाचणी घेताना जाळीत टॉवेल कोंबला होता का, हे मी पाहून ठेवलं होतं. कोंबला होता. तोच टॉवेल.

निघताना त्यांनी माझी बाही धरली.

"बेताप्रमाणे साडेचारला मी असणार होते आत," त्या म्हणाल्या. "मी."

४

वास ही मोजता येण्याजोगी गोष्ट आहे, निदान तत्त्वतः. झाकलेल्या थाळीत थंड झालेला मासा दोन बंद दारांच्या पलीकडे, साबणाच्या वाफेत, नाकाला आधी जाणवेल हे मला पटेना. मी फ्लॅटवर गेलो, शिडी मागवली आणि गीझरच्या वरच्या पत्र्याच्या टोपीवरून, जिथून धूर धुराड्यात शिरतो तिथून, कापसाने पुसून नमुना घेतला. तिथे कोरडी काजळी असायला हवी होती. कापूस चिकट झाला.

त्याच संध्याकाळी मी बोग्नाला भेटलो. ट्राम डेपोने तिला घरी बसवलं होतं. मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात ती उभ्यानेच बोलली. वय चौतीस, रुंद खांदे, तीन रात्री न झोपलेले डोळे.

"विचारा," ती म्हणाली. "सगळे तेच विचारतात. घर हवं होतं का? हो, हवं होतं. लहानपणचे सगळे उन्हाळे मी त्या घरात काढलेत. पण आत्या असलेलं घर हवं होतं, डॉक्टर. तिच्याशिवाय तिथे काय आहे? डास आहेत."

"पोटमाळ्यावर काय केलंत?"

"चादरी वाळत घातल्या. आमच्या इमारतीत सगळे तिथेच घालतात. दोन दोऱ्या भरलेल्या होत्या, म्हणून धुराड्याच्या दाराजवळची घेतली. दाराला हात लावला नाही. पाचला दहा कमी असताना निघाले, सहाची पाळी होती."

"डाग पाहिलात?"

"पोलिसांनी दाखवला तेव्हा. म्हटलं, धुतलेली चादर वाया गेली. आधी तेच आलं मनात." ती खाली बघत म्हणाली, "हे लिहू नका."

"तुम्ही आंघोळ कधी करता?"

तिने मान वर केली. "हे कसलं विचारणं?"

"वेळ विचारतोय."

"पहाटे. पहिल्या ट्रामच्या आधी. नेहमी."

"शुक्रवारी संध्याकाळी?"

"शुक्रवारी संध्याकाळी मी पाळीवर असते. सांगा ना, यातून काय निघालं?"

"अजून काही नाही," मी म्हणालो, आणि ते खरं होतं.

बुधवारी चादर माझ्या टेबलावर आली. पोलिसांच्या छायाचित्रात जो पुसलेल्या हाताचा डाग वाटत होता, तो भिंगाखाली तसा नव्हता. बोटं पुसली की रेषा उमटतात, काजळी धाग्यांत रगडली जाते. इथे काजळीचे सुटे कण होते, एका बिंदूपासून पंख्यासारखे पसरत गेलेले. चादरीवर ते कोणी पुसले नव्हते, फुंकले गेले होते.

चांगलं धुराडं हवा आत ओढतं. त्याच्या दाराच्या फटीतून काजळी बाहेर येत नाही. ती बाहेर आली होती, म्हणजे त्या वेळी धुराड्याच्या आत बाहेरपेक्षा जास्त दाब होता. भाचीने धुराड्यात चिंधी कोंबली असती तरी असा दाब निर्माण झाला नसता. दाबासाठी कशाने तरी हवा ढकलावी लागते.

आणि काजळीच्या कणांबरोबर चादरीवर तेलाचे सूक्ष्म थेंब होते. मी ते गीझरवरच्या कापसाशी ताडून पाहिले. मग दोन्ही नमुने, एका जुन्या सवयीने, शनिवारच्या माशाशी ताडून पाहिले.

तिन्ही एकच होते.

५

लेओकादियाबाई मृत्यू झालेल्या फ्लॅटच्या बरोबर वर राहतात. वय अडुसष्ट, गोल चेहरा, कोपरापर्यंत पीठ. गुरुवारी मी दार वाजवलं तेव्हा त्यांनी मी कोण हे विचारायच्या आधी मला खुर्ची दिली.

"तुम्हीच ना ते, माझा मासा तपासणारे?" त्या म्हणाल्या. "कसा होता?"

"चवीचं परीक्षण आम्ही करत नाही."

"करायला हवं. मग कळलं असतं की असा मासा करणारी बाई विष घालत नाही." त्या हसल्या नाहीत. "बिचारी तेओफिला. रविवारी संध्याकाळी आल्या आणि पहिल्याच भेटीत मला तो कागद दिला. म्हणाल्या, 'लेओकादियाबाई, आम्ही वेळेत परतलो नाही तर हरवलो असं समजा.' शुक्रवारी म्हटलं, दिवसभर चालून येतील, शुक्रवारी मांस वर्ज्य, ते तर खाणार नाहीत, चार घास गरम मिळतील. मी दर शुक्रवारी तळते. जिन्यातल्या सगळ्या एकट्यादुकट्यांना एकेक थाळी जाते. आमचे हे होते तेव्हापासून."

"आणि इतर दिवशी?"

"इतर दिवशी मुलीकडे जेवते. एकटीसाठी कोण चूल पेटवतं?"

"शुक्रवारी थाळी कधी नेलीत?"

"पाच वीसला. कागदावर तेओफिलाबाईंची आंघोळ होती, म्हटलं गेनोवेफाबाई उघडतील. दोनदा वाजवलं. वाटलं, डोळा लागला असेल." त्यांनी पिठाचे हात एकमेकांवर घासले. "किल्ली माझ्या एप्रनच्या खिशात होती, डॉक्टर. पण कोणी झोपलेलं असताना किल्लीने आत शिरणं बरं दिसत नाही ना."

मी स्वयंपाकघर पाहत होतो. सगळं जुनं, घासून घासून झिजलेलं. फक्त शेगडीच्या वरची चिमणी नवी कोरी. तिच्यावरचा दुकानाचा कागदही अजून निघालेला नव्हता.

"जावयाने दिली," त्या माझ्या नजरेचा रोख बघत म्हणाल्या. "म्हणाला, 'आई, तुमच्या शुक्रवारच्या वासाने पडदे पिवळे पडलेत.' चौदा जूनला आला आणि तासाभरात बसवून गेला. भिंतसुद्धा फोडावी लागली नाही, कॅलेंडरच्या मागे जुन्या चुलीचं भोक होतंच. नुसता पत्रा काढला आणि नळी आत."

मी त्यांचे आभार मानले. त्यांनी जाताना मला केकचा तुकडा कागदात बांधून दिला. जिन्यात उभं राहून मी धुराडं तपासणाऱ्या बाझिलीला फोन लावला.

"तुम्ही धुराडं कधी तपासलंत?"

"पाच जूनला, साहेब. खालून आरसा लावून पाहिलं, वर आकाश दिसत होतं. आणि सोमवारी पोलिसांसमोर. तेव्हाही दिसलं. माझ्या सहीवर बोट ठेवायचं असेल तर—"

"तुमची सही बरोबर आहे. पाच जूनचीही आणि सोमवारचीही. उद्या दुपारी चारला या."

"उद्या काय वेगळं दिसणार आहे?"

"उद्या शुक्रवार आहे," मी म्हणालो.

६

मी लेओकादियाबाईंना काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी चिमणी लावली नसती, किंवा घाबरून दहापट वेळ लावली असती. दोन्ही प्रकारे चाचणी वाया गेली असती. त्यांना न सांगणं योग्य होतं का, हा वेगळा प्रश्न आहे. चाचणीच्या दृष्टीने आवश्यक होतं.

चार वाजता आम्ही तिघे खालच्या फ्लॅटमध्ये होतो. काळ्या गणवेशातला बाझिली दारातून आत आला तसा झेपका मॅडमचा हात आपोआप कोटाच्या गुंडीकडे गेला. धुराडंवाला दिसला की गुंडी धरायची, दैव उजळतं म्हणतात. माझं लक्ष गेलेलं पाहून त्यांनी हात खाली घेतला.

"सवय," त्या म्हणाल्या.

"धरा मॅडम, धरा," बाझिली म्हणाला. "डॉक्टरांच्या मशीनपेक्षा स्वस्त पडतं."

बाझिलीला मी पोटमाळ्यावर, धुराड्याच्या दारापाशी पाठवलं. न्हाणीघराची खिडकी बंद केली, जाळीत तोच टॉवेल कोंबला, गीझर पेटवला, टबाचा नळ सोडला आणि दार लावून घेतलं. मापकाची नळी दाराखालून आत गेलेली होती. आम्ही दोघं बाहेर, स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीशी बसलो.

साडेचार. शून्य.

चार पस्तीस. शून्य. वरून एकही आवाज नाही.

"आणि आज नाही तळला तर?" झेपका म्हणाल्या. "खाली माणूस मेलंय. आठवडाही झाला नाही."

लेओकादियाबाई तळणार नसतील तर उद्या सकाळी बोग्नाला अटक होणार, पुढचा शुक्रवार ती कोठडीत काढणार आणि तोवर जावयाला कोणीतरी सावध केलेलं असणार. एका म्हातारीच्या सवयीवर मी सगळा सिद्धान्त टांगला होता. आकाराने तो माशाएवढाच होता.

चार बेचाळीसला वर कढई ठेवल्याचा आवाज झाला. मग एक बारीक घरघर सुरू झाली. ती थांबेना.

चार सत्तेचाळीस. दहा लाखांत तीस भाग.

"हे किती म्हणायचं?" त्यांनी विचारलं.

"डोकं दुखेल."

चार त्रेपन्न. दोनशे दहा. दाराखालच्या फटीतून तळलेल्या माशाचा वास येऊ लागला. झेपका मॅडमनी नाकाला हात लावला आणि माझ्याकडे पाहिलं.

पाच वाजता मापकावर नऊशे चाळीस होते, आणि आकडा वेगाने चढत होता. मी बाहेरच्या झडपेने गॅस तोडला. त्याच वेळी बाझिली जिन्यावरून धावत आला. त्याच्या तळहातावर पांढरा रुमाल होता. रुमालावर काजळीचा पंखा उमटला होता.

"दाराच्या फटीतून फुंकतंय!" तो म्हणाला. "तीस वर्षांत असं धुराडं पाहिलं नाही. ओढायच्या ऐवजी फुंकतंय!"

झेपका मॅडमनी बॅगेतून अटकेच्या अर्जाचा कागद काढला, एकदा वाचला आणि चार तुकडे केले. तुकडे कुठे टाकावेत ते त्यांना कळेना.

"म्हणजे कोणीच नाही," त्या म्हणाल्या.

"कोणीच नाही."

तेवढ्यात दार वाजलं. पाच वाजून वीस मिनिटं झाली होती.

७

लेओकादियाबाई दारात उभ्या होत्या. दोन्ही हातांत झाकलेल्या थाळ्या.

"आवाज ऐकला, म्हटलं तुम्हीच असणार," त्या म्हणाल्या. "पोलिसांनाही पोट असतंच की. घ्या, निवायच्या आत."

कोणीही हात पुढे केला नाही.

"वरची चिमणी चालू आहे का?" मी विचारलं.

"हो. अजून वास आहे ना."

"बंद करून याल?"

त्यांनी थाळ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवल्या आणि त्या वर गेल्या. घरघर थांबली. सात मिनिटांत न्हाणीघरातला आकडा निम्म्यावर आला. त्या परत आल्या तेव्हा मी त्यांना मापक दाखवलं आणि जे झालं ते सांगितलं. सौम्य शब्द शोधले नाहीत. अशा गोष्टी मऊ करून सांगितल्या की माणूस त्या दोनदा ऐकतो.

त्यांनी थाळ्या आपल्याकडे ओढून घेतल्या.

"पाच वीसला मी दार वाजवलं," त्या म्हणाल्या. "किल्ली खिशात होती. तेव्हा त्या... मी उघडलं असतं तर?"

"अहवालाप्रमाणे मृत्यू सव्वापाचच्या आत झालेला होता."

"म्हणजे उशीर झाला होता?"

"हो."

मृत्यूच्या अशा वेळेत पंधरा मिनिटांची चूक धरावी लागते, दोन्ही बाजूंनी. ती मी त्यांना सांगितली नाही. अहवालात लिहिली.

बोग्ना सोमवारपासून कामावर रुजू झाली. गेनोवेफाबाई शनिवारच्या गाडीने सुवाउकीला परतल्या. त्याआधी, मला कळलं त्याप्रमाणे, दुपारभर नदीकाठी बसल्या होत्या.

माझ्या अहवालाचा शेवटचा परिच्छेद असा आहे:

'वरच्या मजल्यावरील स्वयंपाकघराच्या भिंतीतले जुने भोक खालच्या फ्लॅटमधील गीझरच्या धुराड्यात उघडते. चौदा जून रोजी या भोकात शेगडीवरील विजेच्या चिमणीची नळी बसवण्यात आली. धुराड्याची तपासणी त्याआधी, पाच जूनला, झालेली होती. चिमणी चालू असताना ती धुराड्यात हवा ढकलते. त्यामुळे गीझरचा धूर वर न जाता न्हाणीघरात परततो, आणि त्याच दूषित हवेत जळताना गीझर कार्बन मोनॉक्साइड निर्माण करतो. न्हाणीघरातील हवेची जाळी टॉवेलने बंद होती. चिमणी फक्त शुक्रवारी, मासा तळताना, सुमारे पाऊण तास चालवली जात असे; फ्लॅटची नेहमीची रहिवासी त्या वेळी गीझर वापरत नसे. सोमवारची चाचणी या कारणाने निर्दोष आली. तेओफिला गायदा यांचा मृत्यू याच कारणाने झाला. कोणाचाही हेतू आढळला नाही.'